रस्ता ओला झाला, आकडा उतरला, धूर तिथेच राहिला

गेल्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे साडेसहा. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा, मागे तो तुषार उडवणारा मोठा पंखा. रस्ता ओला होतोय, धूळ बसतेय, दोघं-तिघं मोबाईलवर व्हिडिओ काढतायत. आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, जेमतेम दीडशे पावलांवर, झाडून गोळा केलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगाला कोणीतरी काडी लावलेली. पाला अर्धवट ओला, वर दोन-चार प्लॅस्टिकच्या पिशव्या. निळसर धूर पहिल्या मजल्याच्या उंचीवर चादरीसारखा पसरलेला. थंडीत तो वर जात नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आमच्या सोसायटीतले एक काका आहेत, वय ७४, दम्याचे पेशंट. ते चौकातल्या फलकावरचा आकडा बघून फिरायला जायचं की नाही ते ठरवतात. त्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "अरे, पीएम १० आज ९२ आहे. शंभरच्या आत आलं की रे! चल टेकडीवर."

मी म्हटलं, "काका, खालची ओळ बघितलीत का?"

"खालची कुठली?"

खालच्या ओळीत पीएम २.५ होता, ६८. दोन्ही आकडे २४ तासांच्या सरासरीचे. पीएम १० ची आपल्याकडची २४ तासांची मर्यादा १००, तर पीएम २.५ ची ६०. म्हणजे वरची ओळ पास आणि खालची नापास. काका वरची वाचून गेले. दुपारपर्यंत दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. काकूंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता मी हे का लिहितोय, तर माझी अठरा वर्षं एका खासगी प्रयोगशाळेत हवेतली धूळ वेगळी करून वजन करण्यात गेली. नाव सांगत नाही, गरजही नाही. पण या दोन ओळींत नेमका फरक काय, आणि त्यातली एकच ओळ धरून शहराचा पैसा कुठे जातो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना कोणी नीट सांगितलेलंच नाही असं मला वाटतं. म्हणून थोडं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. आता प्रश्न असा, की एवढे बारीक कण वेगळे करायचे कसे? पिठाच्या चाळणीसारखी अडीच मायक्रॉनची जाळी लावता येत नाही का? नाही येत. अशी जाळी काही वेळातच तुंबेल, आणि तुंबली की तिच्यावरच बारीक कण अडकायला लागतील. म्हणून हवेतल्या धुळीला चाळणी लावत नाहीत, तिची उफणणी करतात.

उफणणी ज्यांनी बघितली आहे त्यांना पुढचं सगळं लगेच कळेल. खळ्यावर वारा आला की सुपातून धान्य सोडायचं. दाणा जड, तो पायाशी पडतो. भुसा हलका, तो वाऱ्याबरोबर लांब जातो. कोणी हाताने निवडत नाही, वाराच निवडतो. धुळीच्या यंत्रात हेच होतं, फक्त वारा पंपाने ओढलेला आणि मोजलेला असतो. पीएम २.५ च्या यंत्रात मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढली जाते, कमी नाही, जास्त नाही. आधी वरच्या टोपीत १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण गाळले जातात. मग ती हवा एका अरुंद तोटीतून जोरात खाली सोडतात आणि तोटीच्या समोर, अगदी जवळ, तेल लावलेली एक चकती ठेवतात. हवेला चकतीपाशी काटकोनात वळावं लागतं. आता घाटातलं वळण आठवा. मोटारसायकल वळते, भरलेला ट्रक वेगात आला तर सरळ कठड्याला जातो. तसंच इथे. मोठा कण वळू शकत नाही, चकतीवर आपटून तेलात चिकटतो. बारीक कण हवेबरोबर वळतो आणि पुढे जाऊन टेफ्लॉनच्या फिल्टरवर बसतो. तो फिल्टर ४७ मिलिमीटरचा, मोठ्या बिस्किटाएवढा.

यातली एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. अडीच मायक्रॉन ही काही सुरीने कापलेली रेघ नव्हे. बरोबर अडीच मायक्रॉनचे जे कण असतात, त्यातले निम्मे चकतीवर अडकतात आणि निम्मे पुढे जातात. थोडे मोठे असलेले काही निसटतात, थोडे लहान असलेले काही अडकतात. शिवाय हा 'आकार' पट्टीने मोजलेला नसतोच. कण वाकडातिकडा असतो, पोकळ असतो, कधी जड धातूचा असतो. पाण्याइतक्या घनतेची केवढी गोळी हवेत त्याच वेगाने खाली पडेल, त्यावरून त्याचा आकार ठरवतात. म्हणजे आपण म्हणतो 'आकार', यंत्र बघतं ते चालीकडे. फुफ्फुसालाही कणाच्या चालीशीच देणंघेणं आहे, म्हणून हे बरोबरच आहे.

आणि वजन? २४ तासांत त्या यंत्रातून २४ घनमीटर हवा जाते. हवा बरोबर मर्यादेवर असेल, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर फिल्टरवर जमा होतं १.४४ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याच्या पंधराव्या भागाच्या आसपास. एवढ्यावर शहराची हवा पास की नापास ठरतं. बोटाचा घाम लागला तर संपलं, म्हणून चिमट्याने धरायचं. टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते, ती आधी घालवायची. फिल्टर २४ तास ठरलेल्या तापमानाच्या आणि कोरड्या हवेच्या खोलीत ठेवायचा, नाहीतर पावसाळ्यात ओलाव्याचंच वजन मोजलं जातं. मी नवीन होतो तेव्हा एकदा एका बांधकामाच्या जागेवरून तीन दिवसांचे फिल्टर आले. पीएम २.५ जवळजवळ पीएम १० एवढाच. मी खूश, काहीतरी मोठं सापडलं! आमच्या सीनियर मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि एवढंच विचारलं, "चकती कधी बदललीस?" तीन दिवस बदललीच नव्हती. तेल धुळीने भरून गेलं होतं, आणि मोठे कण आता चिकटायच्याऐवजी धुळीच्या थरावर आपटून उडी मारत होते आणि थेट फिल्टरवर जात होते. रिपोर्ट फाडला, पुन्हा गेलो. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की हा कुठल्या चाळणीतून आलाय आणि ती चाळणी कोणी, कधी साफ केली होती.

आता मुद्द्यावर येतो.

एकाच पदार्थाचा १० मायक्रॉनचा एक कण घ्या. त्याचं वजन एक मायक्रॉनच्या किती कणांएवढं? हजार. व्यास दहापट, तर वजन हजारपट, शाळेतला घनाचा हिशोब. पीएम १० मोजताना आपण मोठे आणि बारीक सगळे एकाच तराजूत टाकतो. त्यात जाडी धूळ सहज भारी पडते. रस्त्यावरची माती थोडी कमी झाली की आकडा पटकन उतरतो आणि बारीक धूर थोडा वाढला तर त्यात लपून जातो. आमच्या गल्लीत त्या सकाळी हेच चाललं होतं. एका टोकाला जाडी धूळ बसवायची, दुसऱ्या टोकाला बारीक धूर तयार करायचा. पाल्याच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मोठा तुकडा जाळून आपण तो बारीक करतो आणि हवेत सोडतो. झाडलेला पाला तसाच पडून राहिला असता तरी काकांना परवडलं असतं!

पाण्याचा फवारा बारीक कणाला का पकडत नाही? कारण तेच, वळण. थेंब खाली येतो, त्याच्याभोवती हवा वळते, बारीक कण तिच्याबरोबर वळून निघून जातो. आपोआप खाली बसायची वाट बघू म्हणाल, तर संथ हवेत १० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण तीन मिलिमीटर पडतो. छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-नऊ मिनिटं. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच उंचीवरून अर्धा दिवस लागतो. आणि रस्त्यावरची हवा संथ कधी असते? मोठे कण बरेचसे नाकात-घशात अडतात, शिंक, खोकला, कफ यातून बाहेर पडतात. बारीक ते फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात, अतिबारीक त्याच्याही पलीकडे रक्तात.

मग हे माहीत असताना सगळा जोर रस्त्यावरच्या धुळीवर का? इथे मी कोणाला चोर म्हणत नाहीये. परीक्षेत ज्याचे मार्क आहेत त्याचाच अभ्यास मुलं करतात, तसं आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. पुढे त्यात देशातली १३१ शहरं आली, महाराष्ट्रातली १९, आपलं शहर त्यातलंच एक. सुरुवातीच्या कागदावर लक्ष्य दोन्हींचं होतं: २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत पीएम १० आणि पीएम २.५ वीस ते तीस टक्के कमी करायचे. नंतर लक्ष्य वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं, पण शहराची कामगिरी आणि त्यावर मिळणारा पैसा ठरवायला धरला तो एकटा पीएम १०. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये खर्चाचा हिशोब मांडला, तेव्हा सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर गेलेली दिसली. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा नाही. झाडणारी यंत्रं, टँकर, फवारे, फुटपाथ, चौकातली कारंजी. कारंज्यांना माझा विरोध नाही, छान दिसतात.

पीएम १० च का धरला, याचंही एक कारण आहे आणि ते सांगितलं पाहिजे. अनेक शहरांत पीएम २.५ ची यंत्रंच नव्हती. आपल्याकडे आधी सगळी तरंगती धूळ एकत्र मोजायचे. १८ नोव्हेंबर २००९ ला नवी मानकं आली, तेव्हा कुठे पीएम २.५ ला देशभरासाठी स्वतःची मर्यादा मिळाली. जुन्या यंत्रांत १० मायक्रॉनवरची धूळ सायक्लोनमध्ये गरगरून खाली डबीत पडते, बाकीची मोठ्या फिल्टरवर बसते. दणकट काम, कोणीही शिकतं. पीएम २.५ चं यंत्र नाजूक, वजनकाटा महाग, वजनाची खोली सांभाळायची. शहरांची तुलना करायची तर सगळ्यांकडे असलेला आकडा घेतला, हे २०१९ मध्ये समजू शकतो. आज नाही समजू शकत. आज चौकातला फलक दोन्ही आकडे दाखवतोय, म्हणजे दोन्ही मोजले जातायत.

जाडी धूळ निरुपद्रवी आहे असंही कोणी समजू नका. रस्त्याच्या मातीत ब्रेकचा धातू असतो, टायरचा भुगा असतो, आणि झाडणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला ती रोज पहाटे मिळते, तोंडाला साडीचा पदर बांधून. गंमत बघा, कामगाराच्या बाबतीत आपल्या कायद्याला हा आकाराचा भेद केव्हाच कळला होता. कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने दुसरी अनुसूची आली. त्यात स्फटिकमय सिलिकाच्या धुळीसाठी एकूण धुळीची मर्यादा वेगळी आणि फुफ्फुसापर्यंत पोचणाऱ्या बारीक धुळीची वेगळी होती. दुसरीचं सूत्र असं: १० भागिले, बारीक धुळीतल्या क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. म्हणजे क्वार्ट्झ ४८ टक्के असेल तर मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम. कामगाराच्या कॉलरला छोटासा सायक्लोन अडकवतात, तो जाडी धूळ बाजूला काढतो, बारीक तेवढी फिल्टरवर घेतो. खडी क्रशरवर किती ठिकाणी खरोखर अडकवतात हा वेगळ्या पोस्टचा विषय. पण कागदावर तरी तो होता. शहराच्या पैशाच्या हिशोबात तेवढाही भेद नाही.

गाड्यांचंही तेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्यात डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांचं नुसतं वजन करत नाहीत, कण मोजतात: किलोमीटरमागे ६० हजार कोटींच्या आत. का? कारण डिझेलचे कण इतके बारीक, की वजनाच्या काट्यावर ते जवळजवळ दिसतच नाहीत, पण संख्येने अफाट असतात. एवढे बारीक कण वळणावर आपटतच नाहीत, उफणणीही तिथे हरते. मग संशोधनाच्या प्रयोगशाळेत त्यांना विजेचा भार देतात आणि विद्युत क्षेत्रातून सोडतात. लहान कण पटकन खेचला जातो, मोठा रेंगाळतो, आणि व्होल्टेज बदलत गेलं की एकेका आकाराचे कण वेगळे बाहेर काढता येतात. ही रीत १९७० च्या दशकापासूनची आहे. म्हणजे गाडी विकायची तर कण मोजून द्यायचे, आणि त्याच लाखो गाड्या शहरात सोडल्यावर आपण रस्त्यावरच्या मातीचं वजन करत बसायचं.

बारीक धूळ वेगळी काढण्याचा खरा उपयोग पुढे आहे, आणि तो आपण जवळजवळ फेकून देतो. वेगळी काढलेली धूळ बोलते. फिल्टरवर सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम जास्त आलं तर माती, सिमेंट. काळा कार्बन जास्त तर डिझेल, भट्ट्या. पोटॅशियम आणि लाकूड जळताना तयार होणारी काही विशिष्ट साखर सापडली तर कुठेतरी लाकूड, पाला, कचरा जळतोय. सल्फेट जास्त तर कोळशाचा धूर, कदाचित शंभर किलोमीटरवरच्या चिमणीचा, कारण चिमणीतून निघतो तो वायू आणि वाटेत त्याचा कण बनतो. या शेवटच्याला कुठला टँकर पुरणार? जाडी आणि बारीक धूळ एकत्र ठेवली तर माती सगळ्यांवर पसरते आणि हे बाकीचे आवाज दबतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांचा असा अभ्यास करून घेतला होता, त्यात मुंबई आणि पुणे होती. पुण्याचं काम एआरएआयने केलं, मुंबईचं नीरीने. देशाचा एकत्र अहवाल २०१०-११ चा. त्यालाही आता दीड दशक होत आलं. तेव्हा बीएस-६ नव्हतं, मेट्रो नव्हती, आजच्याएवढे टॉवर नव्हते. आपल्यासारख्या लहान शहराच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. टँकर बंद करा असं मी म्हणत नाही. पण 'हवा सुधारली' असं सांगताना कुठली ओळ सुधारली ते सांगा. वॉर्डाला पैसे देताना पीएम २.५ चा आकडाही हिशोबात धरा, मग बघा पाला जाळणं कसं दोन आठवड्यांत थांबतं ते. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावं असं उच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं. असल्या गोष्टी कोर्टापर्यंत जायची वेळ येते, कारण पीएम १० च्या आकड्यात बेकरी दिसत नाही. आणि शेवटचं, वापरून झालेले पीएम २.५ चे फिल्टर कपाटात ठेवायच्याऐवजी महिन्याला निदान चार तरी तपासणीला पाठवा. एका टँकरच्या डिझेलच्या खर्चापुढे ते फार नाही.

काही जण म्हणतील, घरी लावायचे छोटे सेन्सर आता मिळतात, ते वापरा. वापरा, पण ते कण वेगळे करत नाहीत हे लक्षात ठेवा. ते लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते बघून अंदाज बांधतात. धुक्यात आणि पावसाळ्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा भलताच वाढतो. सकाळपेक्षा दुपारी बरं आहे का, शेजारी जाळलं तर किती चढलं, एवढं कळायला उत्तम. अर्जाला जोडायला नाही.

अर्जावरून आठवलं. मी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकतोय: गेल्या तीन हिवाळ्यांतली आपल्या केंद्रावरची पीएम २.५ ची रोजची सरासरी, कार्यक्रमाच्या निधीतून झालेला खर्च कामवार, आणि वापरलेल्या फिल्टरांचं पुढे काय होतं. त्याशिवाय पाला जाळण्याबद्दल प्रभाग कार्यालयात वेगळा अर्ज देतोय, त्यावर आपल्या गल्लीतल्या लोकांच्या सह्या हव्यात. सोमवारी सकाळी ११ वाजता तिथे असेन. धूर दिसला तर फोटोवर तारीख-वेळ येईल असा काढून ठेवा, झाडणाऱ्या माणसाचा चेहरा त्यात येऊ देऊ नका. त्याला खत-खड्डा दिलाच नाही कोणी, तो तरी काय करणार. काकांनी पहिली सही केलीय. आता ते खालची ओळ वाचूनच घराबाहेर पडतात, आणि बहुतेक दिवस पडत नाहीत.